डावी भुवई

सोमवार, ३ मार्च
काल टीव्हीवर जुना ब्लॅक अँड व्हाइट सिनेमा. हिरो गात होता तोवर बायको खाली मान घालून भाजी निवडत होती. खलनायक आला आणि हिचे हात थांबले. याच्यात काहीतरी आहे, म्हणाली. माझ्यात काहीतरी आहे असं ती आजवर एकदाच म्हणाली. सोनोग्राफीत मुतखडा निघाला.
संकल्प: खलनायक व्हायचं. दुष्टपणा वगळून.

मंगळवार, ४ मार्च
अभ्यास केला. खलनायकाचं सगळं भांडवल म्हणजे संथ आवाज, बोलण्याआधी लांब पॉज आणि डावी भुवई. हिरो बिचारा पळून पळून घामाघूम होतो, हा खुर्चीतून हलत नाही. खुर्चीतून न हलण्यात मला कोण हरवणार! निम्मं काम झाल्यात जमा.
भुवई एकटी उठत नाही. उजवीवर चिकटपट्टी लावून सराव केला. पट्टी काढताना उजवी बरीचशी पट्टीबरोबर गेली. हरकत नाही, कामाची डावीच.

गुरुवार, ६ मार्च
आईने विचारलं, डोळ्यात काही गेलंय का. मी गूढ हसलो. तिने धरून ड्रॉप्स घातले.
संध्याकाळी बायकोने चहा घेणार का विचारलं. खिडकीबाहेर बघत पॉज घेतला. वळलो तर ही गायब, चहाही गायब. पण परिणाम होतोय. नाहीतर एवढ्या घाईने का गेली असती?

सोमवार, १० मार्च
ऑफिसातही सराव सुरू. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची, आणि कम्प्लेंटचे फोन घ्यायला मी. आवाज कमवायला याहून चांगली जागा नाही. साहेब म्हणाले, घसा बसला असेल तर रजा घ्या. जळतात.

बुधवार, १२ मार्च
आज कमाल! लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईंचा फोन. नुसत्या भडाभडा बोलत होत्या. मी भला मोठा पॉज घेतला. मग खालच्या पट्टीत विचारलं, एकट्याच आहात? आणि हळूच हसलो. पलीकडे चिडीचूप. काय छाप पडली! घाई कसली, म्हटलं, येईल माणूस... यायचा तेव्हा. कम्प्युटरच्या काळ्या पडद्यात स्वतःला पाहिलं, तर डावी भुवई चक्क एकटी वर!
त्या आनंदात मेकॅनिकला पाठवायचं जरा राहून गेलं.
बायकोला सांगायला घरी आलो. ही अजून आलेली नाही.

गुरुवार, १३ मार्च
ती बाई म्हणजे ही. लिफ्ट मेहुणीच्या बिल्डिंगची. अहो, मी बोलतेय, असं पुन्हा पुन्हा सांगितलं होतं म्हणे. शेवटी वॉचमनने दार उचकटून तिला बाहेर काढलं. आता ती मेहुणीकडेच राहिली आहे. घरी येणार नाही म्हणते. साहेबांनी मेमो दिला. आईने सगळं ऐकलं आणि मला वाढायचं सोडून टीव्ही लावला.
हिच्याशिवाय घर खायला उठतं. संकल्प रद्द.

शनिवार, १५ मार्च
मेहुणीकडे गेलो. जिन्याने. मनापासून माफी मागितली. न राहवून विचारलंही, त्या खलनायकात असं होतं तरी काय?
बायको म्हणाली, हिरॉइन बोलत होती तेव्हा तो ऐकत होता. बस, एवढंच.
हे तर सोपं निघालं! ती पुढे बोलू लागली. बरंच बोलली, मध्ये डोळेही पुसले. मी मान किंचित तिरकी केली, नजर रोखली, हनुवटीखाली दोन बोटं धरली. समोरच्या कपाटाच्या आरशात बघत बोटं जरा नीट केली. ऐकणं मला शोभत होतं.
बोलून झाल्यावर तिने विचारलं, आता मी काय म्हणाले, सांगा.
मला एक शब्द सांगता आला नाही. फार लाज वाटली. मेहुणीने उठून दार उघडून धरलं.