काचघराची श्रेणी

बुधवार, १२ मार्च

ती. आई,

नमस्कार. डोळ्याची पट्टी निघाली हे वाचून इतकं हायसं वाटलं, की कचेरीतल्या सगळ्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. थेंब मात्र वेळेवर घाला. जाऊबाई बाटली घेऊन आल्या की "मला दिसतंय सगळं" म्हणून त्यांना पिटाळून लावता म्हणे. त्यांनी मला वेगळं पत्र लिहून तुमची तक्रार केली आहे. भावोजींचा खोकला गेला का?

मी बरी आहे. बरी म्हणजे धांदलीत आहे. मागे लिहिलं होतं ते श्रेण्यांचं काम अजून चालूच आहे. तुम्ही विचारलंत, श्रेण्या कसल्या लावता, तर सांगते. आमच्या विद्यापीठात बरीच मुलं शिकता शिकता काम करतात. आजवर ज्या विभागप्रमुखाचा आवाज मोठा, त्याच्या मुलांना पगार जास्त, असा कारभार होता. आता कामाला कौशल्य किती लागतं आणि जबाबदारी किती, ते पाहून पहिली ते चौथी श्रेणी लावायची, चौथीला पगार सगळ्यात जास्त. मी प्रत्येक कामाशेजारी जाऊन बसते, बघते, आणि शेवटी विचारते, चूक झाली तर काय बिघडेल?

पोहण्याच्या तलावावर लक्ष ठेवणारा मुलगा उंच खुर्चीत नुसता बसून असतो. त्याला चौथी दिली. कॅन्टीनमध्ये भांडी धुणाऱ्या मुलींना पहिली. झालं! सगळ्या ओल्या हातांनी कचेरीत हजर.

"बाई, बसायचाच पगार असेल तर आम्हालाही बसता येतं," त्यांच्यातली एक ठसक्यात म्हणाली.

"तो बसतो गं, पण त्याची नजर हटली तर माणूस बुडेल. तुमच्या हातून ताट निसटलं तर ताट फुटेल."

"आणि त्या वाफेच्या यंत्रात हात अडकला तर? नवा हात काय कॅन्टीन आणून देणार आहे?"

ते यंत्र मी धड पाहिलंच नव्हतं. पुन्हा गेले, पाहिलं आणि मुकाट्यानं दुसरी श्रेणी लावली. आता त्या मला चहाचा कप धुऊन, पुसून, वर लखलखीत करून देतात. टोमणाच आहे तो, पण चहा छान लागतो.

काचघराचं मागच्या पत्रांत थोडं लिहिलं होतं. वनस्पती विभाग आपली झाडं तिथे काचेच्या छपराखाली वाढवतो. तिथल्या प्रमुखांबद्दल लिहायचं राहिलं. सगळे त्यांना काचघरवालेच म्हणतात. पन्नाशीचे आहेत. चष्म्यावर कायम वाफ, आणि ती पुसायचं भान नाही. त्यांच्याकडे पाणी घालणाऱ्या मुलांना मी पहिली श्रेणी लावली, तर माझा फॉर्म 'अमान्य' असा शेरा मारून परत आला. गेले भांडायला.

"पाणी घालायला कसलं आलंय कौशल्य?" मी विचारलं.

"आज कुणाला घालायचं नाही, ते कळावं लागतं."

"आणि चुकलं तर?"

"झाड मरतं."

"मग दुसरं लावा."

"तुमच्या कचेरीत एक माणूस गेला, की दुसऱ्या दिवशी दुसरा आणून बसवतात का?"

"हो."

"तरीच!"

इतका राग आला मला. तरातरा निघाले, आणि फाटकापर्यंत येता येता हसू फुटलं. एकटी, भर रस्त्यात. हे गेल्यापासून मी अशी हसल्याचं मला तरी आठवत नाही, आई.

असो. माझा गुडघा आता दुखत नाही. नवीन घराला खिडकी मोठी आहे, पण घरमालकीण पडदे लावू देत नाही.

मग मी दुसऱ्यांदा पाहणीला गेले. मग आणखी एकदा. नियमात एकच पाहणी आहे. पण झाडांचं काम ऋतूप्रमाणे बदलतं, थंडीत एक, उन्हात एक, असं मी साहेबांना पटवून दिलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. बाकी सगळ्या विभागांचं काम उरकलं, काचघराचं काही उरकेना. कधी कुंडीशेजारी स्टुलावर बसून त्यांच्याशी वाद घालायचा, कधी ते कलम बांधताना नुसतं बघत राहायचं. फॉर्म मांडीवर, कोराच.

सोमवारी काचघरातली एक मुलगी आली. "बाई, सगळ्यांचा नवा पगार सुरू झाला. आमचाच अडलाय."

"पाहणी चालू आहे," मी म्हटलं.

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मुलं म्हणतात, तुमचं दोघांचं ठरलं की मग आपलं ठरेल."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगाच्या जबाबदाऱ्या मोजायला निघालेली मी, माझ्यापायी पोरांचा पगार अडला होता. त्याच दुपारी काचघराला तिसरी श्रेणी लावली आणि फॉर्म पाठवून दिला.

संध्याकाळी काचघरवाले कचेरीच्या दारात उभे.

"तिसरी दिलीत. मी चौथीसाठी भांडणार होतो."

"भांडा की मग."

"नको. तुम्ही पुन्हा पाहणीला याल आणि मुलांचं पुन्हा अडेल. त्यापेक्षा पाहणीशिवायच या. कायमच्या."

असं विचारलं त्यांनी. मी म्हटलं, आईंशी बोलल्याशिवाय उत्तर देणार नाही. ते म्हणाले, "बोला. मी थांबतो."

हे पत्र कितीदा तरी सुरू केलं आणि दर वेळी तुमच्या थेंबांपाशीच अडकले. यांच्या जागी मी कुणाला बसवत नाहीये. ती भरायची जागाच नाही. पण मला हो म्हणायचं आहे, हे तुमच्यापासून का लपवू? भीती निराळीच आहे. माझी आई गेल्यापासून मी ही हाक तुम्हालाच मारत आले. हो म्हटलं, तर मी तुमची कोण उरेन? सुट्टी लागली की कुणाच्या घरी येईन? तुम्ही नको म्हणालात तर मी नाही म्हणेन, असं लिहिणार होते. लिहवेना. तुम्ही नको म्हणालात तर मी काय करेन, मला खरंच ठाऊक नाही.

अजून तरी तुमचीच,
सून


सोमवार, २४ मार्च

चि. सूनबाईस आशीर्वाद.

थेंब घालून लगेच पत्र वाचायला घेतलं, म्हणून डोळ्यांना पाणी आलं. भलता अर्थ काढू नकोस.

तुझ्या मागच्या तीन पत्रांत तलाव एकदा आला, ग्रंथालय एकदा आलं, आणि काचघर तिन्ही वेळा. माझ्या एका डोळ्याला पट्टी होती गं, दोन्ही डोळ्यांना नव्हती. तुझ्या जाऊला मी तेव्हाच म्हटलं होतं, हिला झाडं कधीपासून आवडायला लागली? घरी असताना हिनं एक तुळस धड जगवली नाही.

माझा मुलगा गेला. ते दुःख माझं आहे आणि ते सांभाळायला मी अजून धडधाकट आहे. त्याची राखण करायला तुला बसवलेली नाही. तुला नोकरीवर धाडली ती काय भिंतींकडे बघत बसायला?

आता तुझा प्रश्न. आजपासून तू माझी लेक, असलं गोड काही मी लिहिणार नाही. लेकीला मनाजोगतं बोलता येत नाही, सुनेला येतं. इतक्या वर्षांचा तो हक्क मी सोडायची नाही. त्यांना आई आहे का? असली तर मी तिच्याशी बोलून घेईन. नसली तर प्रश्नच मिटला. तुझ्या सासूची जागा रिकामी नाही, एवढं त्यांना सांगून ठेव.

सुट्टीत दोघं या. माझी खोली देते. पत्र वाचून झालं असेल तर घडी घालत बसू नकोस, चप्पल घाल आणि जा. तो माणूस थांबलाय.

तुझी सासूच,
आई