रॉयसच्या फाटकापाशी ठेवलेला कुत्रा

हॅटन क्रॉसिंग, ओक्लाहोमा
१४ एप्रिल १९९८

ती. लोरीनताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यातली चर्चमधल्या बायकांची सगळी उणीदुणी पोचली. अमॅरिलोत जाऊन वीस वर्षं झाली तरी तुझी जीभ काही बोथट झालेली नाही. माझं ठीक चाललंय. डॉक्टरांनी हृदयासाठी रोज दोन मैल चालायला सांगितलंय, आणि त्यावरूनच पुढचं रामायण घडलं.

आपल्या खडीच्या रस्त्यावर चालायचं म्हणजे रॉयस टॅकेटच्या फाटकावरून जाणं आलं. त्याने रानडुकरांच्या शिकारीला तीन कुत्रे पाळलेत, आणि फाटक सताड उघडं. दोघं नुसते भुंकतात, पण तो ठिपक्यांचा आहे ना, तो न भुंकता मागून येतो. मी रॉयसला तीनदा सांगितलं. तो म्हणतो की कुत्र्यांना माणसं कळतात, चांगल्यांना ते काही करत नाहीत. घ्या! म्हणजे खोट माझ्यातच.

मग काय केलं ऐक, आणि हसू नकोस. होइटचं पाचगोळी रिव्हॉल्व्हर कपाटातून काढलं आणि परवान्याच्या वर्गाला जाऊन बसले. गावच्या बंबखान्यात अकरा बाप्ये आणि मी. नवरा गेल्यावर त्याचं हत्यार बायकोने चालवायचं, याचं त्या अकरांना फार कौतुक. शिकवणाऱ्याला मी कुत्र्यांचं विचारलं, तर तो तासभर त्यावरच बोलला. कायद्याच्या नजरेत कुत्रा म्हणजे मालकाची मालमत्ता. भुंकला, दात दाखवले, रस्ता अडवला, म्हणून गोळी घालता येत नाही. आधी आवाज, काठी, मिरचीचा फवारा. तरीही अंगावर आला आणि दुसरा उपायच उरला नाही, तरच. हवेत बार काढायचा नाही, वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. आणि प्रसंग घडलाच तर जागचं काही हलवायचं नाही, सगळ्यात आधी शेरीफला फोन. मी पास झाले बरं का, आणि नेमबाजीत तिसरी आले.

दर रविवारी आपला धाकटा वेंडेल सोबतीला येतो. त्याचं म्हणणं, कुत्र्यांपेक्षा त्याला आता बहिणीचीच भीती वाटते.

गुडघ्याला जप, आणि धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
नेडीन

अमॅरिलो
२२ एप्रिल १९९८

चि. नेडीन हीस अनेक आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालीस म्हणून आधी पोटभर हसून घेतलं आणि मग लिहायला बसले. लहानपणी कोंबडीची मान पिरगाळायची वेळ आली की तू धान्याच्या कोठारात लपायचीस, आणि आता म्हणे रिव्हॉल्व्हर! असो. सांभाळून अस.

आता खरी बातमी. आपल्या भाचीचं, वेंडेलच्या टॉनियाचं लग्न ठरलं! मुलगा रॉयसचाच, क्लिंट. गेल्या नाताळात मीच दोघांना जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसवलं होतं, त्याचं फळ म्हणायचं. लग्न सप्टेंबरच्या बारा तारखेला, टॅकेटांच्याच कुरणात मांडव घालून. मी गोधडी शिवायला घेतलीये, निळी-पांढरी. गोडाला तू तुझे पेकन पाय भाजायचेस, सहा तरी. तेव्हा त्या कुत्र्यांशी जरा गोडीत घे, आता ते व्याह्यांचे कुत्रे झाले.

तुझं बरं चिंतणारी,
लोरीनताई

हॅटन क्रॉसिंग
१२ मे १९९८

ती. ताईस,
सा. न.

आज थट्टा नाही. रविवारी मी रॉयसचा ठिपक्यांचा कुत्रा मारला.

चर्चहून आल्यावर वेंडेल आणि मी चालायला निघालो. टॅकेटांच्या फाटकापुढे साठ-सत्तर पावलं गेलो असू, तेवढ्यात तो मागून आला. मी ओरडले, काठी आपटली. फवारा मारला, पण वारा आमच्याच तोंडावर होता, माझेच डोळे चुरचुरले. तो माझ्याकडे आलाच नाही, ताई. वेंडेलकडे गेला. बाही धरून त्याला खाली ओढलं आणि गळ्याशी तोंड घातलं. वेंडेल ओरडत होता, तसा मी त्याला आईच्या दफनालाही ओरडताना ऐकलेलं नाही. कुत्र्यामागे नुसती चढाची माती आहे एवढं पाहिलं, अगदी जवळ गेले, आणि एकदाच चाप ओढला. कॅनव्हासचा कोट जाड होता म्हणून वाचला. गळ्यावर दोन ओरखडे, बाहीच्या चिंध्या.

त्यानंतर मी जे केलं त्याला मूर्खपणा म्हण किंवा संस्कार म्हण. दुसऱ्याचं मेलेलं जनावर रस्त्यात टाकून जायचं नाही, त्याच्या दारी नेऊन टोपी काढून सांगायचं, हे बाबांनी आपल्याला चालायला शिकवलं तेव्हाच शिकवलं. मी पुढचे पाय धरले, वेंडेलने मागचे. फाटकातून आत, अक्रोडाच्या सावलीत ठेवला, वर माझं जाकीट घातलं. मग रॉयसचं दार ठोठावून म्हटलं की माझ्या हातून तुझा कुत्रा मेला, मला फार वाईट वाटतंय. शेरीफला करायचा फोन आठवला तो घरी आल्यावर. तोवर रॉयसने केलेला होता. तो सांगतोय की मी त्याच्या आवारात शिरून झोपलेला कुत्रा मारला आणि वर माफीही मागितली, म्हणजे कबुलीच झाली. संध्याकाळी पाऊस असा कोसळला की रस्त्यावर रक्ताचा थेंब राहिला नाही. शेरीफचा माणूस सोमवारी आला, त्याला कुत्रा दिसला तो फाटकाच्या आत.

माझ्यावर जनावर विनाकारण मारल्याचा आरोप ठेवलाय. शेरीफची माणसं रिव्हॉल्व्हर घेऊन गेली, परवाना जायच्या वाटेवर आहे. पण काळजी करू नकोस, वेंडेल आहे ना. तो एक शब्द खरा बोलला की संपलं. मात्र परवापासून तो फोन उचलत नाही. अंग दुखत असेल बिचाऱ्याचं.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
नेडीन

अमॅरिलो
१९ मे १९९८

चि. वेंडेल यास आशीर्वाद.

फोनवर तू रडलास, ते बरं केलंस, मन हलकं झालं असेल. आता मी सांगते ते नीट वाच.

रॉयसने तुला स्पष्ट सांगितलंय की कोर्टात त्याला खोटं पाडलंस तर त्याच्या कुरणात लग्न होणार नाही. क्लिंट बापाच्या शब्दाबाहेर जाणारा नाही, हे तूही जाणतोस. तुझ्यामुळे लग्न मोडलं हे टॉनियाला कळलं तर ती आयुष्यभर तुझं तोंड पाहणार नाही. म्हणून तू खोटं बोलू नकोस, फक्त कमी बोल. तू मागे राहिला होतास, बुटाची नाडी बांधायला वाकला होतास, बार ऐकून वर पाहिलंस, एवढंच. तो कोट जाळून टाक. गळ्यावरच्या ओरखड्यांचं कोणी विचारलं तर काटेरी तार.

नेडीची चिंता करू नकोस. ती खंबीर आहे. तिला ना मूल ना बाळ, तिचं काय बिघडणार आहे? तुरुंगात कोणी टाकत नाही तिला. दोन महिने रुसेल, मग पेकन पाय घेऊन मांडवात हजर होईल. मी तिला सांभाळते.

तुझी ताई

अमॅरिलो
१९ मे १९९८

चि. नेडी हीस खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तरी खरं वाटेना. पण शाबास गं माझी बाय! भावाचा जीव वाचवलास. बाबा असते तर त्यांनी तुझी पाठ थोपटली असती.

वेंडेल फोन उचलत नाही म्हणून मनात काही आणू नकोस, तो मुळातच घाबरट. आत्ताच त्यालाही पत्र लिहिलंय, की छाती पुढे काढून जे घडलं ते सांग. तो माझ्या शब्दाबाहेर जायचा नाही. तू वकिलापुढे फार त्रागा करू नकोस, शांत राहा, आणि जेवत जा.

सदैव तुझ्या पाठीशी,
लोरीनताई

हॅटन क्रॉसिंग
२२ जुलै १९९८

वेंडेल,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि खोडला. काल कोर्टात तू बायबलवर हात ठेवून बुटाच्या नाडीची गोष्ट सांगितलीस. तुझे बूट मी गेल्या नाताळात घेऊन दिलेत, वेंडेल. त्यांना नाड्याच नाहीत. वकिलाला ते सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. मी तुझ्या गळ्याकडे बघत होते. उकाड्यात तू कॉलर वरपर्यंत लावली होतीस.

न्यायाधीशांनी मला दोषी ठरवलं. परवाना रद्द. एक वर्ष देखरेखीखाली, दर महिन्याला हजेरी. पेपरात नाव आलं. आज दुकानात सगळे जरा जास्तच आदराने बाजूला सरले. मी आता रस्त्यावर चालत नाही, अंगणात कपड्यांच्या दोरीभोवती फेऱ्या मारते. रॉयसचे उरलेले दोघे फाटकाबाहेर बसलेले असतात.

रॉयसने खोटं बोलावं याचं मला दुःख नाही, तो परका. तू माझ्या हातांत लहानाचा मोठा झालास. त्या कुत्र्याने तुझा गळा धरला तेव्हा मी एक क्षण विचार केला नाही. तू मात्र दोन महिने विचार केलास आणि तरी हेच केलंस. लाज वाटते मला तुझी. हे ताईलाही लिहिणार आहे, तिने तुला इतकं समजावूनही तू असा निघालास.

नेडीन

हॅटन क्रॉसिंग
२५ जुलै १९९८

ती. नेडीनताईस,
नमस्कार लिहायचा हक्क राहिलाय की नाही ठाऊक नाही.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शेवटची ओळ वाचवेना, म्हणून हे लिहितोय. सोबत लोरीनताईचं मेमधलं पत्र जोडलंय. तिने ते वाचून जाळायला सांगितलं नव्हतं, फक्त कोट जाळायला सांगितला होता. मी दोन्ही जाळू शकलो नाही. कोट कोठारात खोगिरांमागे आहे.

तिच्यावर ढकलतोय असं समजू नकोस. शपथ मी घेतली, तोंड माझं होतं. टॉनियाला काल सगळं सांगितलं. ती पिकअप घेऊन गेली, अजून आली नाही. लग्नाचं काय होईल माहीत नाही. तुझ्या वकिलाकडे जायचं असेल तर मी नेतो. खोट्या साक्षीबद्दल माझं जे व्हायचं ते होवो.

दार उघडशील या आशेवर,
वेंडेल

हॅटन क्रॉसिंग
२९ जुलै १९९८

ती. लोरीनताईस,
सा. न. मोठ्यांना लिहायचा असतो, म्हणून लिहिला.

हे पत्र तुला जाब विचारायला नाही. तुला कोर्टाचं बोलावणं येईल, ते परक्या माणसाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी. काल वेंडेल मला वकिलाकडे घेऊन गेला. सगळी वाट तो कोट मांडीवर घेऊन बसला होता. वकिलाच्या कारकुनापुढे त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं आणि सही केली. फेरसुनावणीच्या अर्जाला दहा दिवसांची मुदत आहे, आम्ही आठव्या दिवशी पोचलो. वेंडेलवर खटला होईल म्हणतात. मी त्याला माफ केलेलं नाही, पण परत येताना त्याला जेवूनच जायला सांगितलं. बीन्स आणि मक्याचा ब्रेड होता, जेवून आपलं ताट धुऊन गेला.

त्याचं मी समजू शकते. त्याच्या मुलीचा संसार पणाला लागला होता, आणि तो घाबरट आहे हे मला जन्मापासून माहीत आहे. तुझं काय पणाला लागलं होतं, ताई? एक गोधडी? मला ना मूल ना बाळ, म्हणून माझं काही बिघडत नाही, हे तू शांतपणे, चांगल्या अक्षरात लिहिलंस. एकही शब्द खोडलेला नाही. आई गेल्यावर तू मला वाढवलंस. इतक्या वर्षांत माझ्याबद्दल तुला हेच वाटत होतं का, हा प्रश्न आता डोक्यातून जात नाही.

वकिलाने दोन्ही पत्रं ठेवून घेतली आहेत, वेंडेलला लिहिलेलं आणि मला लिहिलेलं. दोन्हींवर तारीख एकोणीस मे, शाईही एकच. शपथेवर तुला विचारतील की त्यातलं खरं कोणतं. मी पुढच्याच बाकावर बसणार आहे. मलाही ऐकायचंय.

नेडीन