चार नंबर वॉर्डातलं न मोजलेलं मत

सोमवार, ३ नोव्हेंबर
सकाळी दिलीप आला. इतकी वर्षं शिकवलं, बऱ्याच मुलांचे चेहरे विसरले. याचा विसरता येत नाही, कारण तो आता प्रत्येक कोपऱ्यावर फ्लेक्सवर हात जोडून उभा असतो. नव्या प्रभागातून निवडणूक लढवतोय. त्यासाठी जुन्या चार नंबर वॉर्डाचा इतिहास लिहून हवा आहे, पुस्तिका काढणार. "बाई, तुमच्याइतकं शुद्ध कोण लिहिणार?" शुद्ध हवंय. खरं हवंय का, ते मी विचारलं नाही. हो म्हटलं. घरात बसून दुसरं काय करते?

मंगळवार, ४ नोव्हें.
हद्द आठवून लिहिली. बारवेपासून जिनिंगच्या भिंतीपर्यंत, तिथून पिराच्या कट्ट्याला वळसा घालून कन्याशाळा. तो वॉर्ड आता कुठल्याच कागदावर नाही. आमच्या बाजूची घरं प्रभाग सहात, समोरची नऊत. समोरच्या मंगलकडे विरजण मागायला जाते ती आता परमुलखात. नकाशा करणाऱ्यानं गल्ली पाहिली असेल असं वाटत नाही. पट्टी मात्र सरळ होती.
गुडघा. दोन पानं झाली, पुरे.

गुरुवार, ६ नोव्हें.
दिलीपनं यादी पाठवली. वॉर्डातून निवडून आलेले सगळे, फोटोंसकट. हरलेल्यांपैकी एकाचंही नाव नाही. फोन करून विचारलं, हरलेले काय पुण्यात राहत होते? हसला. त्याच्या वडिलांना, अण्णांना, अख्खं पान. मथळा त्यानंच दिलाय: 'देवीचा कौल'.
म्हणजे तीच निवडणूक. अण्णा आणि सुशीला नर्सबाई, दोघांना सारखी मतं. फेरमोजणी केली, तरी सारखी. मग चिठ्ठी. एका लहान मुलीनं डब्यात हात घातला आणि अण्णांचं नाव निघालं. तेव्हापासून त्या घरात दर नवरात्रात सांगतात, आईनं स्वतः निवडलं.
देवीचा काही संबंध नव्हता. मला माहीत आहे. आणखी

रविवार, ९ नोव्हें.
त्या दिवशी वाक्य अर्धं सोडून उठले. आज पुरं करते. हे मी कुठंच लिहिलेलं नाही, या वहीतसुद्धा नाही.
लग्नाला दुसरं वर्ष. कन्याशाळेच्या केंद्रावर नेमलेली बाई आजारी पडली, म्हणून मी त्याच वॉर्डातली असूनही ऐनवेळी मला बसवलं. काम सोपं. पदर ओढून येणाऱ्या बायका चादरीच्या आडोशाला यायच्या. मी चेहरा पाहायचा, बोट पाहायचं, शाई लावायची. केंद्राध्यक्ष चादरीच्या पलीकडं. म्हणजे सगळा भरवसा एका सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या सुनेवर.
सासूबाई सकाळीच मत देऊन गेल्या. दुपारी पुन्हा आल्या. दुसरं लुगडं, पदर हनुवटीपर्यंत, हातातली चिठ्ठी कलावतीअक्काच्या नावाची. अक्का म्हणजे आमच्या समोरच्या तेलाच्या दुकानवाल्यांच्या घरच्या. मी पदर वर करा म्हटलंच नाही. गरज नव्हती. मनगटावरचं तुळशीवृंदावनाचं गोंदण दिसत होतं. त्याच हातानं सकाळी मला भाकरी वाढली होती. बोटावरची शाई घासून पुसट केलेली. मी त्या शाईवर शाई लावली. सासरे अण्णांच्या प्रचारात होते, घरात त्यांचाच शब्द.
तासाभरानं खऱ्या अक्का आल्या. यादीत त्यांच्या नावापुढं खूण झालेली. केंद्राध्यक्षांनी मला विचारलं, आधी कोण आलं होतं? मी म्हटलं, गर्दी होती, नीट दिसलं नाही. मग नियमाप्रमाणं त्यांना वेगळी मतपत्रिका मिळाली. तिला प्रदत्त मत म्हणतात. शिक्का मारायचा, पण ती पेटीत जात नाही, पाकिटात जाते. पाकिटाला लाख. कोर्टानं सांगितल्याशिवाय कुणी उघडत नाही, मोजत नाही.
अक्कांनी मला विचारलं, "पडलं का वो माजं मत?"
मी म्हटलं, "पडलं."
दमले.

सोमवार, १० नोव्हें.
राहिलेलं. निकालानंतर दोन दिवसांनी नर्सबाई आमच्या घरी आल्या. मी दारात, सा.बा. चुलीपाशी. नर्सबाईंनी विचारलं, तुमच्या केंद्रावर काही गडबड झाली का, कोर्टात जायचं तर हातात काही हवं. मी नाही म्हटलं. चुलीपाशी फुंकणी थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली.
दीड वर्षानं महेशच्या वेळी मी अडले तेव्हा याच नर्सबाईंनी सोडवलं. त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत. आता दोघीही नाहीत, त्या आणि सा.बा.
शाळेत ख्रिश्चन मुली कन्फेशनला रांग लावायच्या. आम्ही बाकीच्या व्हरांड्यात. मला हेवा वाटायचा. पाच मिनिटं आत, आणि बाहेर येऊन लगेच लंगडी खेळायला मोकळ्या.

बुधवार, १२ नोव्हें.
महेशला पुण्याला फोन केला. सगळं सांगितलं.  मग म्हणाला, आजीचं नाव कशाला काढतेस, ती आता काय सांगणार? मी म्हटलं, नर्सबाईही काही सांगू शकत नाहीत.
"आई, पण तुला कुणी विचारलंय का?"
विचारलं होतं. दारात उभं राहून. एकदाच.
दिलीपचा निरोप: बाई, सोमवारी येतो पानं न्यायला. अण्णांचं पान जरा भारदस्त होऊ द्या.

शुक्रवार, १४ नोव्हें.
लोहाऱ्याला जाऊन आले. कलावतीअक्का तिथं लेकीकडं असतात. एसटीत बसायला जागा मिळाली, परतीला जीपमध्ये नऊ माणसं. पाठ गेली.
अक्का ओसरीवर खाटेवर बसून शेंगा फोडत होत्या. नव्वदीच्या असतील. "कोण, मास्तरीणबाई? या. लई वाळलात की." हे त्यांनी मला म्हणावं.
लेक चहाला आत गेली तसं मी सगळं एका दमात सांगितलं. शेंगा फोडणारा हात थांबला नाही.
"ठावं हाय मला," म्हणाल्या.
मी विचारलं, काय ठाऊक आहे?
"पेटी टेबलावर, आन माजं मत सायबाच्या हातात. आंधळी न्हवते म्या. दुसऱ्या दिशी नळावर तुमच्या सासूचं बोट बघितलं. ह्यो एवढा लपका. येका मताला येवडी शाई कोण लावतंय?"
मग बोलला का नाहीत, अक्का?
"तुमाला त्याच घरात ऱ्हायचं होतं न्हवं."
मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. इतकी वर्षं रोज समोरासमोर दारात सडा टाकत होतो आम्ही. संक्रांतीला वाण दिलं, घेतलं. त्या माझ्यावर दया करत होत्या आणि मी समजत होते की त्यांना काही कळलेलं नाही.
वाटेत हिशेब मांडला होता, तो त्यांच्यापुढं ठेवला. सा.बां.चं खोटं मत वजा केलं तर नर्सबाई एका मतानं पुढं. मग तुमचं खरं मिळवायचं. ते नर्सबाईंना असेल तर दोनानं पुढं. अण्णांना असेल तर पुन्हा सारखे, पुन्हा चिठ्ठी. तेव्हा अक्का, त्या पाकिटात कुणाला होतं?
हसल्या. एकही दात नाही.
"ते गुप्त असतंय. तुमीच म्हनला न्हवता का त्या चादरीमागं? अक्का, कुनाला सांगू नका."
निघताना मात्र हात धरला. "लिवायचं तर समदं लिवा. निम्मं लिवू नका. आन माजं नाव घाला. कलावती. नुसतं अक्का नगं."

शनिवार, १५ नोव्हें.
लिहिलं. अण्णांच्या पानाच्या जागी. चार वेळा खोडलं. भाषा जड होते तिथं मी लपते आहे हे कळत होतं, म्हणून साधं लिहिलं. मी पाहिलं. मी ओळखलं. मी शाई लावली. मी खोटं बोलले, तीन वेळा, तीन माणसांशी.
सा.बां.चं नाव आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. आमच्यात सून घेत नाही. आज कागदावर घातलं. यमुनाबाई. 
पानं पाकिटात घालून डिंक लावला. मग बघत बसले त्याच्याकडं. बंद पाकीट, माझ्याच हातचं, पुन्हा एकदा. फाडलं. उघडी देईन.

सोमवार, १७ नोव्हें.
दिलीप अकराला आला. फॉर्म भरून तसाच, कपाळाला कुंकू. बस म्हटलं तर उभ्यानंच वाचायला लागला. पहिलं पान वाचून छान म्हणाला. हद्दीचं होतं ते. तिसऱ्या पानावर खुर्ची ओढली. चहावर साय धरली.
म्हणाला, बाई, हे आता कुणाला सिद्ध करता येणार नाही. मी म्हटलं, म्हणूनच मी सांगतेय, दुसरं कुणी सांगू शकत नाही.
म्हणाला, लोक म्हणतील बाईंना विरोधकांनी फितवलं. मी म्हटलं, या वयात मला फितवून त्यांच्या पदरात काय पडणार?
मग खाली बघत, शाळेत गृहपाठ राहिल्यावर बोलायचा त्या आवाजात: "आमची आई अजून त्या मुलीच्या हाताची गोष्ट सांगती. तिला काय सांगू मी?"
  मी म्हटलं, न्यायची तर सगळी पानं ने. निम्मी देणार नाही.
 मग उठला, पानं उचलली, घडी न घालता तशीच हातात. पाया पडायचं विसरला, पहिल्यांदाच.
हे खिडकीशी बसून लिहितेय. तो गाडीत ड्रायव्हरच्या जागेवर बसलाय. ड्रायव्हरला चहाला पाठवलं वाटतं, तो टपरीवर उभा आहे. गाडी चालू नाही. काच खाली केलेली, पानं स्टिअरिंगवर. दहा मिनिटं झाली असतील.
मान अजून वर केलेली नाही.