बाहेर गेलेली पुस्तके मोजण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
धर्मशिक्षण संस्था मान्यता मंडळ.

विषय : आमच्या बायबल स्कूलची बाहेर गेलेली पुस्तके धरून ग्रंथालयाची फेरतपासणी करण्याबाबत.
संदर्भ : मान्यता नाकारल्याचे आपले पत्र क्र. ११८, दि. ३ मार्च.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खाली सही करणारी, म्हणजे प्राचार्यांची मुलगी, इयत्ता दहावी, आपणांस अर्ज करते. प्राचार्य स्वतः अर्ज करणार नाहीत. त्यांचे म्हणणे, तपासणी समितीने जे पाहिले ते लिहिले, त्यात खोटे काय? म्हणून हे काम मी अंगावर घेतले आहे. नववीच्या सहामाहीत अर्जलेखनाला मला पाचपैकी पाच गुण होते, तेव्हा काळजी नसावी.

१. मान्यतेसाठी तीन हजार पुस्तके लागतात. समितीला कपाटांत नऊशे बारा मिळाली. परंतु आमच्याकडे शिक्षण संपवून एखाद्या चर्चमध्ये पाळक म्हणून जाणारा प्रत्येक जण जाताना दहा पुस्तके सोबत नेतो, ही पहिल्या तुकडीपासूनची पद्धत आहे. असे दोनशे चौदा जण गेले. म्हणजे दोन हजार एकशे चाळीस पुस्तके बाहेर आहेत. बेरीज तीन हजार बावन्न होते. बावन्न जास्तच! कोण कुठे आहे हे कळावे म्हणून सह्यांची वहीसुद्धा आहे, ती खालच्या कप्प्यात होती. पण समितीने पुस्तके किती विचारल्यावर वडील म्हणाले, “समोर आहेत तेवढी.” दिलेली वस्तू मोजायची नाही, असा त्यांचा नियम. नियम चांगला आहे, पण तपासणीच्या दिवशी तेवढा बाजूला ठेवायला हवा होता.

२. आपल्या पत्रानंतर विद्यार्थी एकेक करून मान्यता असलेल्या सेमिनरीत गेले. त्यांना दोष नाही, आमच्या प्रमाणपत्रावर पुढे पदवीला प्रवेश मिळत नाही. नऊपैकी आता एक उरले आहेत, सुतारकाका, वय अठ्ठावन्न. त्यांना प्रमाणपत्र नकोच आहे, फक्त शिकायचे आहे. वडील त्यांना सगळे विषय वेळापत्रकाप्रमाणे शिकवतात, फळ्याजवळ उभे राहून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. तासिका नियमित असाव्यात असे आपल्या नियमावलीत आहे, म्हणून शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर घंटा मी देते. मुले होती तेव्हा मला चिडवायला ‘प्राचार्यबाई’ म्हणायची. आता कोणी म्हणत नाही. जेवणघरातले मेज चाळीस जणांचे आहे. आई दुसऱ्या शहरात परिचारिका आहे, महिन्यातून दोन दिवस येते. एरवी वडील, सुतारकाका आणि मी असे तिघे एका टोकाला बसतो आणि मीठ मागायलाही हळू बोलतो, कारण खोलीत आवाज घुमतो.

३. एप्रिलमध्ये मी वडिलांना न विचारता दोनशे चौदा पत्रे लिहून पुस्तके परत मागवली. एकतीस जणांनी लगेच पाठवली. ते दिवस फार मजेत गेले. शाळेतून आल्यावर दारात रोज काहीतरी असायचे. मग एका पाळकांच्या पार्सलमध्ये चिठ्ठी निघाली : “ताई, दहाही पाठवली आहेत. आता रविवारच्या उपदेशात आठवेल तेवढे सांगतो.” ती चिठ्ठी मी वडिलांना दाखवली. ते रागावतील असे वाटले होते. ते एवढेच म्हणाले, “प्राचार्यबाई, आपले कपाट भरले, त्यांचे रिकामे झाले.” सगळी तीनशे दहा पुस्तके मी पुन्हा बांधून परत पाठवली. सुतारकाकांनी गाठी मारून दिल्या. त्यामुळे कपाटांत आजही नऊशे बाराच आहेत, याची नोंद घ्यावी.

४. तरी विनंती की, पुस्तके जिथे वाचली जात आहेत तिथे ती मोजली जावीत व समितीने वही पाहण्यासाठी पुन्हा यावे. नियमात बसत नसेल तर नकार पत्राने पाठवू नये, समितीने समक्ष येऊन द्यावा. वसतिगृहाच्या आठ रिकाम्या खाटांवर धुतलेल्या चादरी आहेत. मुक्काम करता येईल.

५. हा परिच्छेद वडिलांनी अर्ज तपासून दिल्यानंतर जोडला आहे. समितीतल्या बाईंनी मला जिन्यात विचारले होते, “तुला इथे करमतं का गं?” मी ‘हो’ म्हणाले होते. तपासणी चालू होती, म्हणून म्हणाले. ते उत्तर अहवालात लिहिले असल्यास कृपया दुरुस्त करावे.

वहीसह दारात हजर राहणारी,
(सही)
प्राचार्यांची मुलगी
दि. ९ ऑगस्ट

सोबत :
१. सह्यांच्या वहीची नक्कल, पाने २२
२. पाळकांची चिठ्ठी (वाचून परत करावी)
३. घंटेच्या वेळांचा तक्ता, म्हणजे मी केव्हा घरी असते ते समितीला कळेल