गाडी जाईपर्यंत

बाबा, तुम्ही गेल्यावर पूर्णेजवळचं तुमचं रेल्वेचं फाटक बंद झालं, खालून रस्ता काढलाय. मी दर बुधवारी त्याच रुळांवरून परभणीला जातो, मनाचे उपचार करणाऱ्या एका बाईंकडे. हसू नका. तुमच्या सुनेनं पाठवलंय. काय झालं म्हणून तिनं विचारलं की मी म्हणायचो, काही नाही. शेवटी ती म्हणाली, "घरात माणूस हाय का खांब? बोलायला शिका, न्हाईतर मी लेकीकडं जाते." बॅग भरून ठेवलीय तिनं.

बाई फारसं बोलत नाहीत. त्या गप्प बसल्या की मी बोलत सुटतो, तुमच्याबद्दल. तुमचा खाकी सदरा, गाडी जाताना हिरवा झेंडा धरून उभं राहणं, शेवटच्या डब्यातल्या गार्डानं उत्तरादाखल झेंडा हलवल्याशिवाय पाठ न फिरवणं. आणि शेवटी हमखास तीच गोष्ट: आई खोलीत तडफडत होती आणि तुम्ही गाडीला झेंडा दाखवत होता.

गेल्या बुधवारी त्या म्हणाल्या, "वडील कुठं होते ते कळलं. तुम्ही कुठं होता?"

असा संताप आला! बारा वर्षांचं पोर मी तेव्हा, माझा काय संबंध? गाडीची वेळ झाली असं सांगून उठलो. गाडीला अजून तासभर होता. स्टेशनच्या बाकावर बसून राहिलो. घरी आल्यावर म्हणालो, "त्या बाईला काही कळत न्हाई." तुमची सून बॅगेकडं बघत राहिली.

म्हणून तुम्हाला लिहितोय. सोपं जाईल वाटलं होतं.

त्या दिवसाची दुपार आहे. आई पोट धरून भिंतीला टेकलीय. "बाबाला बोलीव, पळ. लय दुखायलंय." मी पळतो. फाटक लागलेलं, मालगाडी वळणावर. तुम्ही हसून म्हणता, "झेंडा धरायचाय का? ये. सरळ धर, गार्डाला दिसला पाहिजे." मी धरतो. गाडी लांबलचक असते. गार्ड माझ्याकडं बघून झेंडा हलवतो, मला केवढा आनंद होतो. गाडी गेल्यावर मी आईचं सांगतो. तुम्ही धावता, एक चप्पल रुळातच राहते. आपण पोचतो तेव्हा आई गेलेली असते.

त्यानंतर तुम्ही आल्यागेल्याला हेच सांगत राहिलात, "गाडी होती. फाटक सोडून कसा येणार?" मी उशिरा सांगितलं, हे तुम्ही कुणाला कळू दिलं नाहीत. मी शेजारी बसून मान हलवायचो. पुढं तुमचंच खरं मानून तुमच्यावर रागावलोसुद्धा.

उद्या बुधवार. हा कागद बाईंना द्यायचा विचार होता, पण तुमच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात ठेवतोय, कारण वर एक खोटं लिहिलंय. झेंडा तुम्ही आपणहून दिला नव्हता. माझं तोंड बघून तुम्ही विचारलं होतं, "घरी काय झालं रे?"

मी म्हणालो होतो, "काई न्हाई. झेंडा द्या."