नेत्राची मॅनेजरकी

ती. शरयूताईस,

टेक्सासमधल्या शुगर लँडच्या भट्टीतून देवदत्तचा नमस्कार. गुडघा कसा आहे? (रोज फिरायला जातेस असं कळवू नकोस, भावजींनी खरं काय ते सांगितलंय.)

नेत्रा मॅनेजर झाली म्हणून तू तिकडे पेढे वाटलेस, म्हणून हे लिहायला हवं. ती ऑफिसातली मॅनेजर नाही. एका लहान गावातल्या बेसबॉल टीमची आहे; कोण खेळणार, कोण बाहेर बसणार ते तीच ठरवते. टीम प्रोफेशनल, म्हणजे पोरांना पगार मिळतो. पण टीमची ऐपत एवढी बेताची, की मॅनेजरच बस चालवते, मोटेल बुक करते आणि मॅच झाली की सगळ्यांचे मोजे धुते. (आमच्या घरी हिने स्वतःचा कप कधी विसळला नाही.)

शनिवारी गिरिजा आणि मी पहिल्यांदाच लेकीची मॅच बघायला गेलो. टीम जिंकत होती. तिचा पिचर (आपला बॉलर समज), कोल्टन नावाचा उंच मुलगा, झकास टाकत होता, आणि नेमका त्याला बघायला एका मोठ्या टीमचा माणूस आला होता. अशात नेत्रा मैदानात गेली, त्याचा कोपर दाबून बघितला आणि त्याला बाहेर काढलं. पोरगा रडला गं. लोकांनी हुर्यो उडवली. आमच्या मागचा एक गृहस्थ तर तिला नाही नाही ते बोलायला लागला. मी उठून म्हणालो, "सर, दॅट इज माय डॉटर." तो म्हणाला, "देन टेक हर होम." मग जरा बाचाबाची झाली आणि गार्डने मला बाहेर नेलं. आपण हरलो, ते पार्किंगमधूनच ऐकू आलं.

नंतर नेत्रा आली. म्हणाली, "बाबा, त्याचा एल्बो सुजला होता. तो लपवत होता. अजून थोडं टाकलं असतं तर हात गेला असता."

"आणि तुझा जॉब?"

"ओनर बोलत नाहीये माझ्याशी. बघू."

एवढं बोलून ती धुण्याची मोठी बॅग बसकडे ओढायला लागली. तेवढ्यात कोल्टन आला, कोपराला बर्फ बांधलेला. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने. बऱ्या हाताने बॅगेचं दुसरं टोक मात्र उचललं. मी बसचं दार धरून उभा राहिलो.

पेढे परत मागू नकोस.

तुझा,
देवदत्त

ता. क. गार्डने बाहेर नेलं ते गिरिजाला. मी मागोमाग गेलो. त्या गृहस्थाशी बोलली तीही तीच. मी चष्मा पुसत होतो. तू पाठवलेला चिवडा तिने त्याच्या टोपीत ओतला.

आणखी ता. क. तरी चिवडा पाठव. जरा तिखट कर. सीझन अजून बराच बाकी आहे.