डावीकडचा ठोकळा

विश्रांतवाडी, पुणे
रविवार, १४ मे २००६

ती. बाबा आणि आईस,
नम्रताचा सविनय जयभीम.

उत्कर्षा, वाचताना मध्ये थांबू नकोस. तू थांबलीस की आईला वाटतं, धाकटीने काहीतरी गाळलं.

मी बरी आहे. काल मंडईतून आंबे आणले. घरमालकीण मंदाकिनीकाकू म्हणाल्या, "एवढे आंबट निवडून आणायला कष्ट पडले असतील." इथे असंच बोलतात. दुपारी वाटीभर रस त्यांनीच आणून दिला.

मागच्या फोनवर बाबांनी विचारलं, "नोकरीत पक्की झालीस का?" मी म्हणाले, आवाज येत नाही. आवाज येत होता.

आधी काम सांगते. आमची कंपनी हातात मावेल एवढ्या यंत्रावरचा खेळ बनवते. त्यात एक छोटा माणूस ठोकळे ढकलत नेतो, त्यांच्या पायऱ्या करतो आणि वरच्या दारापर्यंत चढतो. बाबा, जिनिंगमध्ये तुम्ही कापसाच्या गाठी रचून वर चढता, तसंच. फक्त याला ठोकळा ढकलता येतो, ओढता येत नाही. खेळ बाजारात जाण्याआधी तो खेळून चुका शोधायच्या, हे माझं काम. (आई, शेजारी "पोरगी खेळायचा पगार घेते" असं सांगू नकोस.)

एका टप्प्यात मी डावीकडचा ठोकळा आधी ढकलला. तो खड्ड्यात पडला आणि माणूस मागे अडकला. यंत्र बंद करून चालू केलं तरी तिथेच, कारण खेळ शेवटची जागा लक्षात ठेवतो. म्हणजे ज्या मुलाने तो घेतला, त्याचा खेळ तिथेच कायमचा संपला.

माझ्या शेजारी तेजस बसतो, लहानपणापासून असे खेळ खेळलेला.
"असं कोण ढकलतं?"
"मी ढकलला."
"अगं, तुझ्याशिवाय कोण?"

सगळे हसले. मीही हसले. तो ठोकळा आधी हलवायचा नसतो, हे त्यांना न सांगता कळतं. मी नोकरी लागेपर्यंत असं यंत्र हातात धरलंच नव्हतं. पण पहिल्यांदा धरणारं मूल माझ्यासारखंच करेल ना?

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दुरुस्तीला आठवडा जाईल. खेळ बुधवारी जायचाय. तू 'ठीक आहे' एवढं कळव." मग दार उघडता उघडता, "तुला कायम करायचं का, तेही मलाच कळवायचंय."

हेच सांगायचं टाळत होते. मी पक्की झाले की जूनमध्ये उत्कर्षाला अकरावीला इथे आणायचं, असं आपलं ठरलंय. म्हणून मनातल्या मनात म्हणून पाहिलं, ठीक आहे, ठीक आहे. नाही जमलं. शुक्रवारी कळवलं, हा टप्पा ठीक नाही.

उद्या साहेबांनी बोलावलंय. ते पुन्हा विचारतील, मी पुन्हा तेच सांगेन. नोकरी जाईल कदाचित. दुसरीकडे विचारायला सुरुवात केली आहे. पण उत्कर्षा, तू यायचंच आहे. काकूंशी बोलले. म्हणाल्या, "येऊ दे. फक्त दोघींनी मिळून रडायचं नाही."

बाबा, हे पत्र पोचेल तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. म्हणूनच पुन्हा फोन केला नाही. तुमचा आवाज ऐकला असता, तर मी तुमचं ऐकलं असतं.

तुमचीच,
नम्रता